नाशिक–आविला, मार्गे माद्रिद

आमच्या कॉलनीत कुणीही घराबाहेर पडलं, अगदी कोथिंबिरीची जुडी आणायला का असेना, की फाटकापाशी उभ्या असलेल्या खैरनार काकांचा प्रश्न येतो, "कितीची गाडी?" नवीन भाडेकरू गोंधळतात. गाडी कसली, पायीच निघालोय, असं काहीतरी पुटपुटतात. काका मनगटावरच्या घड्याळात बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, "सोडा." हे "सोडा" ऐकल्याशिवाय आम्ही जुने रहिवासी पुढे पाऊल टाकत नाही. एकदा आमचे हे घाईत तसेच गेले आणि द्वारका चौकात स्कूटर पंक्चर झाली. तेव्हापासून तेही थांबतात.

वामन खैरनार एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नाशिकच्या बसस्थानकावर जाळीच्या खिडकीमागून "कळवण, मार्गे वणी, फलाट क्रमांक चार" असं जो आवाज सांगायचा, तो आवाज म्हणजे काका. उभ्या आयुष्यात त्यांनी किती गाड्या सोडल्या त्याची गणतीच नाही. स्वतः मात्र सटाण्याच्या पलीकडे कधी गेले नाहीत. सटाणा त्यांचं गाव, आणि विमलकाकूंचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. "नियंत्रकानं गाडीत बसायचं नसतं," ते म्हणायचे, "तो बसला तर गाडी सोडणार कोण?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळं स्थानक इंदिरानगरला घरी आणलं. पुढचं दार फलाट क्रमांक एक, मागचं दार फलाट क्रमांक दोन. पाहुणे एकवर लागतात. दूधवाला, भाजीवाली आणि गॅसचा सिलिंडर दोनवर. विमलकाकूंना पालीची भयंकर भीती. घरात पाल दिसली की त्या अंगणात येऊन उभ्या राहतात आणि काका झाडू घेऊन आत जातात. मग थोड्या वेळानं आतून त्यांचा जुना, खणखणीत आवाज येतो, "पाल गेलेली आहे. प्रवाशांनी आत यावे." तरी काकू लगेच जात नाहीत. पाल कुठल्या दिशेला गेली, ते आधी विचारतात.

माझा मुलगा तारखेच्या आधी झाला तेव्हा काका बाळाकडे बघून म्हणाले होते, "वेळेआधी लागली." समोरच्या घरातले आजोबा गेले तेव्हा आम्ही सगळे धास्तावलो होतो, की आता हे काय बोलतात. काकांनी आजोबांच्या मुलाचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "वेळेवर सुटली रे. बसायला जागा मिळाली." तो मुलगा नंतर मला म्हणाला, की इतकी माणसं भेटून गेली, पण बरं वाटलं ते ह्यांच्याच बोलण्यानं.

मी शाळेत भूगोल शिकवते. चुकीचं काही कानावर आलं की मला गप्प बसवत नाही. हा दुर्गुण आहे असं आमच्या ह्यांचं मत आहे, आणि तेही चुकीचं आहे. पण याच गुणामुळे मी खैरनारांच्या युरोप-प्रकरणात ओढली गेले, आणि आठेक वर्षं त्यातून सुटले नाही.

झालं असं, की काका निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी काकू मागच्या पायरीवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता उठा आणि चाला, नाहीतर कायमच्या बसाल. काकू उठेनात. भीतीच बसली होती. हॉलमधल्या पलंगावर त्या दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. त्या भिंतीवर औषधांच्या दुकानातून मिळालेलं एक कॅलेंडर होतं. दर महिन्याला एक परदेशी गाव. त्यातल्या एका महिन्यावर तटबंदीतलं गाव होतं. चारी बाजूंनी दगडी भिंत, ठरावीक अंतरावर गोल बुरूज, आत लाल कौलांची दाटी. महिना संपला तसे काका पान उलटायला गेले. काकू पलंगावरून म्हणाल्या, "राहू द्या. उलटू नका ते."

पुढच्या महिन्यात काका पुन्हा गेले. काकू जरा जोरात म्हणाल्या, "राहू द्या म्हटलं ना. हातच लावू नका."

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात. "बाई, आविला कोणत्या विभागात येतं?"

मी म्हटलं, कोण आविला? त्यांनी सांगितलं, की गाव आहे, स्पेनमध्ये, चित्राखाली इंग्रजीत लिहिलंय. मी शाळेचा ॲटलास काढला. माद्रिद सापडलं, आविला त्यात नव्हतंच. मग शाळेच्या लायब्ररीतल्या जाड पुस्तकातून शोधून मी सांगितलं, की माद्रिदच्या वायव्येला आहे, मध्ययुगातलं गाव, तटबंदी अजून शाबूत आहे आणि तिच्यावरून चालता येतं. काकांनी माझ्या हातातला ॲटलास घेतला आणि खिशातल्या बॉलपेननं माद्रिदच्या वर डावीकडे एक ठिपका दिला.

"काका, ही शाळेची मालमत्ता आहे," मी म्हटलं.

"गाव आहे ना तिथं? मग ठिपका चुकीचा कसा?"

तो ॲटलास अजून शाळेत आहे, ठिपक्यासकट.

मग ते खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "तिला ते गाव बघायचंय, बाई. तोंडानं बोलत नाही, पण महिना उलटू देत नाही. दिवसभर टक लावून बघते. मी ठरवलंय, तिला त्या भिंतीवर चालवायचं. पूर्ण फेरी. पण तिथं चालायचं तर आधी इथं चाललं पाहिजे. बरोबर?"

मी म्हटलं, बरोबर. दुसरं काय म्हणणार.

आठवड्याभरात त्यांच्या हॉलमध्ये पत्र्याची पाटी लागली. एसटीच्या पुढे असते तशीच, रंगवून घेतलेली: नाशिक–आविला, मार्गे माद्रिद. पाटीखाली एक जादा घड्याळ, आविलाच्या वेळेचं. पुढे मीच मूर्खपणा केला आणि त्यांना सांगितलं, की तिकडे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात आणि हिवाळ्यात पुन्हा मागे आणतात. काकांनी ते घड्याळ भिंतीवरून काढून हातात घेतलं. मग म्हणाले, "आणि ज्या रात्री मागे करतात, त्या रात्री वाटेत असलेल्या गाडीचं काय? ती एक तास उभी राहते का?" मी चौकशी करते म्हटलं. त्यांनी दर महिन्याला मला त्याची आठवण करून दिली.

मुक्कामी गाडीवरून तर आमचं भांडणच झालं. काकांचं म्हणणं असं, की माद्रिद विभागाचं ठिकाण आणि आविला त्याखालचं गाव. म्हणजे संध्याकाळी शेवटची गाडी आविलाला मुक्कामी जाणार, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात पथारी टाकणार आणि सकाळी पहिली गाडी तीच सुटणार. आपण परतताना त्याच गाडीनं यायचं, म्हणजे जागेची चिंता नाही. मी म्हटलं, काका, तिथे तशी पद्धत नसेल. ते म्हणाले, "मग सकाळी कॉलेजची पोरं जातात कशी?" मी म्हटलं, मला काय माहीत. ते समाधानानं म्हणाले, "तेच म्हणतो मी. मुक्कामी असणारच."

पुढे नाशिकला गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले तेव्हा मी इंटरनेटवरून माद्रिद–आविला बसचं वेळापत्रक छापून आणलं. काकांनी लाल पेन घेऊन ते परीक्षेचा पेपर तपासावा तसं तपासलं. सकाळच्या गाड्यांना टिक केली. दुपारच्या रिकाम्या जागेवर पेन थांबलं. "दुपारी कुणी बाजाराला जात नाही का?" मी सांगितलं, की ते लोक दुपारी झोपतात. काकांचा चेहरा खुलला. "मग बरोबर आहे. टाइमटेबल लावणारा माणूस समजूतदार दिसतो." त्या दिवसापासून स्पेनबद्दल त्यांचं मत चांगलं झालं ते कायमचं.

बरोबर काय न्यायचं, हे दर दिवाळीला नव्यानं ठरायचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा. कांदे न्यायचे की नाही यावर काका-काकूंचं एकमत होत नव्हतं. नारळ मात्र पक्का होता. नव्या गावात पहिल्यांदा शिरायचं तर वेशीवर नारळ फोडल्याशिवाय कसं शिरणार, असा काकांचा सवाल. मी म्हटलं, वेशीवर मारुती नसेल हो तिथे. "मारुती नसू दे, वेस आहे ना?" ते म्हणाले. "नारळ वेशीला असतो."

आणि या सगळ्यात काकू चालायला लागल्या. आधी पलंगापासून फलाट दोनपर्यंत, काकांच्या खांद्याला धरून. मग काठी घेऊन फाटकापर्यंत. कॉलनीच्या कम्पाउंडच्या सात फेऱ्या म्हणजे आविलाच्या भिंतीची एक फेरी, हा हिशेब मी करून दिला होता. तो चुकला असेल तर दोष माझा. मग काकांनी त्या गावाच्या वेशींची नावं माझ्याकडून लिहून घेतली आणि कॉलनीतल्या घरांना वाटून टाकली. आमचं घर ईशान्य कोपऱ्यावर म्हणून ते सान व्हिसेंते. जोश्यांचं मोठ्या फाटकाजवळ, ते अल्काझार, म्हणजे किल्ला. जोशी त्यामुळे जरा ताठच चालायला लागले. दक्षिणेकडचे कुलकर्णी रास्त्रो, म्हणजे जुना बाजार, झाले आणि त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत तक्रार मांडली, की जोश्यांना अल्काझार आणि आम्हालाच रास्त्रो का? काका उभे राहून शांतपणे म्हणाले, "फलाट बदलून मिळणार नाही."

रोज संध्याकाळी ही फेरी निघायची. पुढे काका, मागे काठी टेकत काकू. माझ्या दाराशी आल्या की काका पुकारायचे, "सान व्हिसेंते. गाडी पाच मिनिटं थांबेल." मी पाणी घेऊन तयारच असायचे. काकू कट्ट्यावर बसून पाणी प्यायच्या, पाय चोळायच्या आणि तोंडातल्या तोंडात अहिराणीत नवऱ्याचा उद्धार करायच्या. "गाडी गाडी करतस नुसतं. गाडी कोठे शे तुमनी?" काका ऐकून न ऐकल्यासारखं करून घड्याळ बघायचे. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. तटावर चढायला जिना असतोच, त्याचा सराव. बघणारे म्हणायचे, काय हा म्हातारा, बिचारीला जरा दम खाऊ देत नाही. मलाही कधीकधी तसंच वाटायचं. पण काठी हळूहळू दाराआड उभी राहायला लागली आणि मग तिथेच राहिली.

वर्षं गेली. कॅलेंडरवरच्या गावाची लाल कौलं रंग उडून गुलाबी झाली, महिना मात्र तोच राहिला. दिवाळीत रंगकाम काढलं तरी काकूंनी ती भिंत रंगवू दिली नाही. माझा मुलगा दहावीला आला. आपण ज्या गावी कधी जाणार नाही त्या गावाची रोज चर्चा करण्याची सगळ्या कॉलनीला सवय होऊन गेली. आमच्या दूधवाल्यालाही विचारलं असतं तर त्यानं आविलाला जायचा रस्ता सांगितला असता.

आणि कुंभमेळ्याची गर्दी ओसरली त्या सुमारास काकांच्या भाच्याचा फोन आला. प्रमोद कॉम्प्युटरमधला. कंपनीनं त्याला वर्षभरासाठी पाठवलं होतं, आणि पाठवलं होतं नेमकं माद्रिदला. मामाचं आविला तो कॉलेजात असल्यापासून ऐकत आलेला. म्हणाला, मामा-मामी, पासपोर्ट काढा, तिकिटं मी पाठवतो, मे महिन्यात या.

कॉलनीत नुसता जल्लोष. जोश्यांनी पेढे वाटले. कुलकर्ण्यांनी, आम्हाला रास्त्रोचा फोटो आणा, असं सांगून जुनं भांडण मिटवलं. निरोप समारंभाची तारीखही ठरली. त्याच संध्याकाळी काका माझ्याकडे आले. हाक नाही, घोषणा नाही. खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "बाई, फेरी रद्द करायची आहे."

मला वाटलं विमानाला घाबरले. ते म्हणाले, "घाबरलो तर आहेच. पण ते नाही. मला जायचंच नव्हतं हो कधी. तिला उठवायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, बसली तर बसलीच. ती त्या चित्राकडे बघायची, म्हणून मी चित्र धरलं. ती पंढरपूरच्या फोटोकडे बघत असती तर मी पंढरपूर धरलं असतं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आता मला सत्तरीच्या घरात त्या अनोळखी मुलखात तिला घेऊन जायची छाती होत नाही. वाटेत पडली-बिडली तर? पण तिला सांगू कसं? आठ वर्षं त्या गावाकडे बघून चालली ती. तुम्ही काही तरी सांगा. व्हिसा मिळत नाही म्हणा."

मी बघते म्हटलं. ते गेले. मी कुकर लावत होते तोच मागचं दार वाजलं. विमलकाकू. फलाट दोननं.

"ताई, कोणाला सांगू नका," त्या ओट्याजवळच्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "मला नाय जायचं तिकडं."

मी गॅस बारीक केला.

"मला त्या गावाचं काय घेणं हो? ते चित्र मी धड बघितलं बी नव्हतं. कॅलेंडरच्या मागं पाल होती."

"काय होतं?"

"पाल. ही एवढी. पलंगावरून मला तिची शेपूट दिसायची. हे पान उलटायला गेले की ती बाहेर येणार, अन् मला तर पळता बी येत नव्हतं. म्हणून म्हटलं, राहू द्या, हात लावू नका. दिवसभर मी तिच्यावर नजर ठेवून असायची. हलली की जीव जायचा माझा."

मी हसायला लागले. मला आवरेना. आठ वर्षं, पत्र्याची पाटी, जादा घड्याळ, कुलकर्ण्यांची तक्रार, माझ्या शाळेचा ॲटलास, आणि या सगळ्याच्या मुळाशी एक पाल. काकूही हसल्या, पण लगेच थांबल्या.

"काकू, मग तेव्हाच सांगायचं ना त्यांना."

"सांगणार होते. पण दुसऱ्या दिवशी ते तुमच्याकडून आले, तर त्यांचं तोंड असं फुललेलं. मला म्हणे, विमल, गाव सापडलं. ताई, रिटायर झाल्यापासून मी ते तोंड पाह्यलं नव्हतं." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्हाला सांगते. मी पडायच्या आधीची गोष्ट. हे रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, ग्रंथालयात बसतो म्हणायचे. एक दिवस मी रिक्षानं स्टँडवरनं चालले होते. बघते तर हे तिथं उभे. चौकशीच्या खिडकीशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, येवला तीनवर लागंल, वणीची आत्ताच गेली. कोणी विचारलं नव्हतं त्यांना. लोक त्यांना ओलांडून खिडकीकडं जात होते. एक बाई तर पोराला ओढून बाजूला घेऊन गेली. मी रिक्षा थांबवली नाय. घरी आल्यावर काही बोलले बी नाय."

कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला. फाटकापाशी उभे राहून "कितीची गाडी" विचारणारे काका मला आठवले.

"मग म्हटलं, असू दे ते गाव," काकू म्हणाल्या. "ह्यांना एक गाडी तर मिळाली सोडायला. अन् मी चालले नाय तर ती गाडी उभीच राहणार. म्हणून चालले. लय दुखायचं, ताई. पण आता खरंच जायचं म्हणता? नको बाई. तुम्ही सांगा त्यांना, डॉक्टर नको म्हणाले. पण हळू सांगा. आठ वर्षांचं सपान हाय त्यांचं."

मला त्या रात्री दोघांना समोरासमोर बसवून सगळं सांगून टाकता आलं असतं. चुकीचं ऐकून गप्प न बसणारी बाई मी. पण मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, काका, फेरी रद्द केलीत तर काकूंचं मन मोडेल. आणि काकूंना म्हटलं, काकू, तुम्ही नाही म्हणालात तर काका पुन्हा त्या खिडकीशेजारी जाऊन उभे राहतील. दोन्ही गोष्टी मला अगदी खऱ्या वाटत होत्या. दोघांनीही एकमेकांसाठी मोठ्या कष्टानं होकार दिला.

निघायच्या दिवशी सगळी कॉलनी फाटकाशी जमली. मुंबईच्या विमानतळापर्यंत जीप ठरवली होती. टपावर बॅगा, एका बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला नारळ. पत्र्याची पाटी काकांनी स्वतः जीपच्या काचेला आतून लावली. काकू बसल्या. काका बसले. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. सगळ्यांनी हात हलवले आणि हलवतच राहिले, कारण जीप हलेना. ड्रायव्हर गेली कित्येक वर्षं याच कॉलनीतली भाडी करणारा. तो आरशात काकांकडे बघत होता. काका समोर बघत होते. काय अडलंय ते आधी कुणाच्या लक्षातच येईना.

मग मी पुढे झाले. मनगटावरच्या घड्याळात बघितलं, मान हलवली आणि म्हटलं, "सोडा."

जीप सुटली. काकांनी वळूनही बघितलं नाही, गाडी सुटल्यावर मागे बघायचं नाही या नियमानं वागले. मी मात्र घरात जाऊन दार लावलं आणि चांगलं मन भरून रडून घेतलं.

दोघं जूनच्या सुरुवातीला परतले. पहिल्या संध्याकाळी आधी काका आले, अहवाल द्यायला. मुक्कामी गाडी त्यांच्याकडे नाही, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. बाकी स्थानक स्वच्छ, गाडी मिनिटाला सुटते. वेशीवर नारळ फोडला. पहारेकऱ्यासारखा एक जण धावत आला, त्याला खोबरं दिलं, त्यानं खाल्लं आणि आणखी मागून घेतलं. गाव चांगलं आहे. आमच्या घराची वेस, सान व्हिसेंते, सगळ्यात देखणी. अल्काझारही मोठी आहे, पण हे जोश्यांना सांगू नका.

"आणि भिंत?" मी विचारलं.

काका खुर्चीच्या कडेवरून जरा मागे सरकून बसले. असे ते पहिल्यांदाच बसले.

"चढली ना ती. पांडवलेणीच्या पायऱ्या कामाला आल्या. पूर्ण फेरी काही होत नाही बाई, थोडी भिंत बंद ठेवलीय त्यांनी. पण जेवढी उघडी तेवढी सगळी चालली. आणि मध्येच एका बुरुजापाशी, उन्हात, दगडावर पाल बसलेली. मी आधी पाहिली. म्हटलं, मेलो. आता ही किंचाळणार, उतरणार, आणि पुन्हा म्हणून चढायची नाही. हिनंही पाहिली. आणि बाई, ही हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली, की भिंतीला टेकून बसली. डोळ्यातून पाणी. मी म्हटलं, अगं काय झालं, तर माझा हात धरून आणखीच हसते. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हवापाण्यानं भीतीसुद्धा जाते बघा माणसाची. मी घाबरत होतो ते उगीच. बरं झालं फेरी रद्द केली नाही."

मी मान खाली घालून चहा ओतत होते. माझं तोंड त्यांना दिसू नये, एवढीच काळजी घेत होते.

काकू दुसऱ्या दिवशी आल्या, फलाट दोननं, स्पेनहून आणलेले बदाम घेऊन. पालीचं मीच काढलं, तर पुन्हा तोंडावर पदर घेऊन हसल्या. "मी तिला म्हटलं, बाई गं, तू आमच्या आधी पोचलीस?" मग हसू ओसरलं आणि त्या बदामांची पुडी उगीच उघडझाप करत बसल्या.

"ताई, एक सांगायचं राहिलं. हे सांगणार नाय तुम्हाला. परतीच्या दिवशी आम्ही तिथल्या स्टँडवर बसलो होतो. प्रमोद पाणी आणायला गेलेला. हे उभे राहून त्यांचा तो बोर्ड वाचत होते. तेवढ्यात एक म्हातारी आली. माझ्याएवढीच असंल. काळा झगा, हातात पिशवी. तिथं एवढी लोकं, पण ती सरळ ह्यांच्याकडं आली अन् काहीतरी विचारलं, त्यांच्या भाषेत. मला वाटलं, आता हे गडबडणार. ह्यांनी घड्याळ बघितलं, बोर्ड बघितला, अन् हातानं दाखवलं. ती म्हातारी गेली अन् त्या गाडीत बसली."

"बरोबर गाडी होती?"

"प्रमोद म्हणाला, बरोबर होती. गाडी हलली तसा तिनं खिडकीतून हात केला ह्यांना. तवर हे तिथंच उभे, ताठ. मी सगळं विसरंन ताई, ती भिंत बी विसरंन. एवढं नाय विसरणार. कोणीतरी विचारलं त्यांना."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. मग आम्ही बदाम खाल्ले.

तेवढ्यात पुढच्या दाराशी आवाज आला, तोच, जाळीच्या खिडकीमागचा. "सान व्हिसेंते. गाडी निघण्याच्या तयारीत आहे. प्रवासी कुठे आहेत?"

"आले, आले," काकू म्हणाल्या. "जरा दम धरवत नाही माणसाला." आणि त्या स्टुलावरून उठल्या, कुठेही हात न टेकता, आणि फेरीला निघाल्या.